निळ्या जाळीचा अ‍ॅम्प

खर्ज हे काही त्याचं खरं नाव नव्हतं. तो बेस गिटार वाजवायचा आणि बोलायचाही तसाच, घशाच्या तळातून, मोजकं. म्हणून ऑर्केस्ट्रातल्या लोकांनी त्याला खर्ज म्हणायला सुरुवात केली, ते नाव चिकटलं ते चिकटलंच. मी त्याला ओळखू लागलो तेव्हा ऑर्केस्ट्रा सुटून त्याला बरीच वर्षं झाली होती. माझं बुकबाइंडिंगचं दुकान आणि भिंतीपलीकडे त्याचं वजनकाटे दुरुस्तीचं. खाटकांचे, सराफांचे, पार्सलवाल्यांचे काटे त्याच्याकडे यायचे. दुपारी काम कमी असलं की तो माझ्या बाकावर येऊन बसायचा.

एकोणिसाव्या वर्षी तो ऑर्केस्ट्रात लागला. मालकाकडे बेससाठी व्हॉल्व्हचा, म्हणजे जुन्या रेडिओसारख्या काचेच्या नळ्यांचा, एक अ‍ॅम्प होता. कमरेइतका उंच, पुढे निळी जाळी, आत पंधरा इंची स्पीकर. बटण दाबल्यावर व्हॉल्व्ह तापेपर्यंत थांबावं लागायचं. मग तार छेडली की आवाज कानाआधी तळपायाला कळायचा. "लोकांना बेस ऐकू येत नाही रे," तो म्हणायचा, "पण काढून घे, सगळ्यांची तोंडं अळणी जेवल्यासारखी होतात."

बारा वर्षांनी मालकाने कीबोर्ड आणला. कीबोर्डवाला डाव्या हाताने बेसही वाजवू लागला. एका तालमीनंतर मालक म्हणाला, "उद्यापासून तू नाही आलास तरी चालेल." ड्रमर शेजारीच बसून स्टिक्स पिशवीत भरत होता. तो खर्जचा जिवलग दोस्त. दोघांनी एकाच वर्षी सुरुवात केलेली. त्याने मान वर केली नाही.

"त्याचं मूल तान्हं होतं तेव्हा," खर्ज मला म्हणाला. "मी मनाला लावून घेतलं नाही."

घेतलं होतं, पण ते पुढे कळायचं होतं.

अ‍ॅम्प बनवणारी कंपनी तोवर बंद पडली होती. मालकाने त्याचा अ‍ॅम्प कधीच भंगारात दिला होता. खर्जने मनाशी ठरवलं की तसाच एक आपल्या घरी असला पाहिजे. मग सुरू झाली शोधाशोध. जुन्या सामानाच्या जाहिराती, बंद पडलेले क्लब, लिलावाच्या याद्या. पहिला आणला तो नुसता खोका खरा निघाला. आत भलत्याच कंपनीचा माल. दुसऱ्याची निळी जाळी पडद्याच्या कापडाची होती. तिसरा खरा होता, पण पुरात बुडून निघालेला. खर्जची बायको दवाखान्यात औषधं द्यायची. ती मला एकदा म्हणाली, "भाऊजी, घरात पाय ठेवायला जागा नाही. आणि हे म्हणतात, अजून मिळाला नाही."

पण त्या तीन फसलेल्या खरेद्यांनी त्याला पक्का जाणकार केला. मागची पट्टी काढून, ट्रान्सफॉर्मरवरचे आकडे वाचून तो सांगायचा की कुठला भाग मूळचा आणि कुठला नंतर घुसडलेला. लांबलांबून लोक त्याला फोटो पाठवायचे. फी घे म्हटलं तर लाजायचा.

आणि मग एक बाई सापडल्या. त्यांचा नवरा एका हॉटेलात बेस वाजवायचा. तो जाऊन बरीच वर्षं झाली होती. अ‍ॅम्प जिन्याखाली, चादरीखाली. खर्ज पाहून आला तो थेट माझ्या दुकानात. मी त्याला इतकं बोलताना कधीच पाहिलं नव्हतं.

"सगळा मूळचा आहे. स्क्रूसुद्धा! त्या वहिनींनी वर्षातून दोनदा पुसलाय. त्यांना म्हटलं, मी विकण्यासाठी नेत नाही, वाजवणार आहे. तर रडायलाच लागल्या. म्हणाल्या, भाऊ, तुम्हीच न्या मग."

"मग आणला का नाहीस?"

"एकट्याला उचलतोय का तो! रविवारी आणतो. ड्रमरला सांगितलंय, त्याची गाडी आहे."

ड्रमर आता साउंड सिस्टिम भाड्याने द्यायचा. त्याचाही ऑर्केस्ट्रा कधीचा बंद पडला होता. खर्जने त्याला पत्ता दिला, अ‍ॅम्प कसा निघाला ते हौसेने सगळं सांगितलं. एकच गोष्ट सांगायची राहिली. वहिनींच्या नवऱ्याने स्पीकरची वायर आतून सोडून ठेवली होती. व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प स्पीकर जोडल्याशिवाय चालवला तर ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. हे खर्जला श्वास घेण्याइतकं सवयीचं होतं. शिवाय बटण दाबायची वेळ येणार ती त्याच्याच हातून, असं तो धरून चालला होता.

रविवारी सकाळी ड्रमर आला नाही. फोनही उचलेना. खर्ज भाड्याचा टेंपो करून वहिनींकडे गेला. त्यांनी दार उघडलं आणि त्या हसल्या.

"आता काय राहिलं न्यायचं? परवाच तुमचे मित्र येऊन घेऊन गेले की. म्हणाले, तुम्हीच पाठवलंय."

खर्जने मान डोलावली. "हो, हो. मीच पाठवलं होतं," तो म्हणाला. "आभार मानायला आलो." त्या बाईंना ते कळू द्यायचं त्याच्या जिवावर आलं. त्यांनी दिलेला चहा त्याने उभ्याउभ्या प्यायला.

तिथून तो ड्रमरच्या गोदामात गेला. ड्रमर स्पीकरच्या खोक्यांमागे वायरी गुंडाळत होता.

"कुठे आहे?"

"बस तरी."

"कुठे आहे, विचारलं मी."

ड्रमरने वायर खाली टाकली. "एक गिऱ्हाईक होतं. रेकॉर्डिंगवाला. किती दिवसांपासून मागे लागला होता, निळ्या जाळीचा मिळवून दे म्हणून. गोदामाचं भाडं थकलंय माझं. तुला दुसरा शोधून दिला असता."

"दुसरा!"

"मग काय करणार होतास तू त्याचं? कुठे वाजवणार होतास? घरात? खालच्या मजल्यावरचे दोन मिनिटांत वर येतील. तुझ्याकडे नुसता पडून राहिला असता. खरं सांग, शेवटचा कार्यक्रम कधी केलास तू?"

खर्जने विचारायचं होतं तेच विचारलं. "मग आता त्या रेकॉर्डिंगवाल्याकडे आहे?"

ड्रमरने मान वर केली नाही. खर्जच्या बारा वर्षांच्या नोकरीच्या शेवटच्या दुपारीही केली नव्हती. मग हळूच म्हणाला, "त्याच्यासमोर चालू केला मी. आवाजच येईना. मला वाटलं व्हॉल्यूम कमी आहे, वाढवला. मग धूर आला."

"वायर सोडलेली होती," खर्ज म्हणाला.

"मला काय माहीत?"

"मला माहीत होतं."

रेकॉर्डिंगवाला निघून गेला होता. ड्रमरने जळका अ‍ॅम्प खर्ज यायच्या आधीच हॉटेलं सजवणाऱ्या एका माणसाला देऊन टाकला होता. खर्जने त्याचा माग काढला. महिनाभराने तो मला बरोबर घेऊन त्या नव्या हॉटेलात गेला. आतलं सगळं काढून टाकलं होतं. वर काच बसवून त्याचं टेबल केलं होतं, जाळीमागे छोटा दिवा. एक जोडपं त्यावर कॉफीचे कप ठेवून बोलत होतं. मॅनेजरला विचारलं, आतला माल कुठे गेला. तो म्हणाला, "त्याच्यात काही होतं का?"

खर्ज त्या जोडप्यापाशी गेला, जरा वाकला आणि जाळीवरून हात फिरवला. बाईने पाय आखडून घेतले. मी त्याला दंडाला धरून बाहेर आणलं.

त्यानंतर त्याने शोधाशोध सोडली. लोकांनी पाठवलेल्या फोटोंना उत्तर देईना. घरातले दोन खोटे आणि एक पुरात बुडालेला अ‍ॅम्प त्याने उचलून दिले. बायकोला जागा मिळाली, पण तीही खूश झाली नाही. "आता रात्रंदिवस घड्याळाचे काटेच बोलतात घरात," ती म्हणाली. ड्रमरने दोनतीनदा निरोप पाठवला. एकदा तर स्वतः दुकानाशी येऊन उभा राहिला. खर्ज डोळ्याला भिंग लावून सराफाचा काटा उघडत होता. त्याने भिंग काढलंच नाही. ड्रमर पंधरा मिनिटं थांबला, मग माझ्याकडे पाहून कसनुसं हसला आणि गेला.

दोन वर्षांनी ड्रमरला झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं अडखळू लागलं. त्याच्या बायकोचा फोन आला, "भावोजी, सारखं तुमचंच नाव घेतायत. एकदा येऊन जा."

खर्ज गेला. परत आल्यावर खर्जच्या बायकोला कळलं ते तिने मला सांगितलं. ड्रमरने डाव्या हाताने त्याचं मनगट धरलं आणि महत्प्रयासाने एक शब्द काढला. "माफ?"

खर्ज म्हणाला, "नाही."

"मरणाच्या दारातल्या माणसाला एक शब्द देता आला नाही तुम्हाला?" ती त्याच्यावर ओरडली होती. "तुमचं काय गेलं असतं?"

सहा आठवड्यांनी ड्रमर गेला. खर्ज अंत्यविधीला गेला, सगळ्यांच्या मागे उभा राहिला आणि कोणाशी न बोलता दुकानात येऊन बसला. मी चहा घेऊन त्याच्याकडे गेलो. वाटलं, निदान आता मोकळा होईल.

"तुला वाटतंय मला पश्चात्ताप होतोय," तो म्हणाला.

"होत नाही?"

"नाही म्हणालो, त्याचा नाही. खोटं बोललो असतो तर त्यालाही कळलं असतं." त्याने कप हातात घेतला, पण प्यायला नाही. "त्याने हात धरला ना, तेव्हा त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. आणि मला बरं वाटत होतं. फार बरं वाटत होतं. इतकं त्या अ‍ॅम्पने वाटलं असतं की नाही, कोणास ठाऊक."