दरिया म्हणजे कोणते पाणी

कंपनीच्या माणसाने मला फसवले आणि मी माझ्या गोदामातल्या अकरा बायांना फसवले. त्याला त्यासाठी एक शब्द पुरला. मी तोच शब्द पुढे दिला.

माझे भंगाराचे गोदाम चरोद्याकडे जाताना नाल्याच्या काठाला आहे. वडील भंडाऱ्याकडून इथे दुर्गजवळच्या पोलादाच्या प्लांटमध्ये कामाला आले, सेक्टर दोनच्या क्वार्टरमध्ये आम्ही वाढलो. मला प्लांटची नोकरी मिळाली नाही. सायकलला पोती बांधून मी गल्लोगल्ली भंगार घेत फिरलो आणि त्यातून हे गोदाम उभे केले. सौद्यात मला गुंडाळणारा माणूस दुर्गच्या जुन्या बाजारातही मला भेटला नव्हता. बढाई मारत नाही. फसलो कसा ते नीट कळावे म्हणून सांगतो.

आमच्या धंद्यात बाटली विकली जाते, झिल्ली विकली जात नाही. झिल्ली म्हणजे पातळ पिशव्या, वेफरचे पुडे, गुटख्याच्या पुड्या, सगळेच. तिला गिऱ्हाईक नाही म्हणून तिला कोणी वाकून उचलत नाही, आणि ती नाल्यात जाते. नाला शिवनाथला मिळतो, शिवनाथ महानदीला आणि महानदी समुद्राला. हे मी नकाशात फार उशिरा पाहिले. माल निवडणाऱ्या बायांना नकाशा लागत नव्हता. त्यांची वस्ती गोदामाच्या खालच्या अंगाला, नाल्यावरच्या पुलियाजवळ, म्हणजे मोरीच्या छोट्या पुलाजवळ आहे. झिल्लीने पुलिया तुंबली की पाणी त्यांच्या घरात शिरते.

होळीच्या सुमारास तो कंपनीचा माणूस आला; त्याची कंपनी जुन्या बाटल्यांपासून धागा करायची. पांढरा शर्ट, गळ्यात ओळखपत्र, बोलणे मऊ. त्याला नदीकाठच्या बाटल्या हव्या होत्या. मी म्हटले, बाटल्या देतो, पण काठावरची झिल्लीही तुम्हीच न्यायची. तो हसला. मी उठून तराजू पुसायला लागलो. तो दोनदा गाडीपर्यंत जाऊन परत आला. तिसऱ्यांदा त्याने हिंदीत टाईप केलेला कागद काढला. त्यात लिहिले होते, "दरिया का सारा प्लास्टिक कंपनी उठाएगी."

"सारा में झिल्ली आई?" मी विचारले.

"सारा मतलब सारा, सेठजी."

"और दरिया?"

"आपकी शिवनाथ. और कौन सा दरिया है यहाँ?"

कागद घरी नेला. बायको गोंदियाकडची, मराठी शाळेत शिकलेली. तिने चष्मा लावून वाचला आणि म्हणाली, "दर्या म्हंजे समुद्र ना जी? आपल्याकडं कुठून आला समुद्र?"

"हिंदीत दरिया म्हंजे नदी," मी म्हटले. "माही सारी शाळा हिंदीत झाली. तुले काय समजते त्यातलं?"

"मले नाई समजत. पण त्याले इचारून तर घ्या, नदीच लिहाले काय झालं होतं?"

मी तिच्यावर ओरडलो. ताट तसेच ठेवून उठलो आणि सही केली.

मग गोदामाच्या फाटकावर कंपनीची पाटी लागली. शाश्वत विकास केंद्र. निवडणाऱ्या बायांमध्ये सगळ्यात म्हातारी होती तिने विचारले, हे काय लिहिले आहे? मी म्हटले, आता झिल्ली जाणार. ती हसली नाही. "कोन लेगही, सेठ?" म्हणजे नेणार कोण? तिची गाय पोटात झिल्ली साचून मेली होती, असल्या गोष्टीत ती थट्टा करत नसे. मी कागद दाखवला. तिला वाचता येत नव्हते, पण सही माझी आहे एवढे तिने बोट ठेवून विचारून घेतले.

चैत्र-वैशाखात त्या अकरा जणींनी नाल्याचा आणि नदीचा काठ विंचरून काढला. काटेरी बाभळीतून झिल्ली ओढायची, झटकायची, दाबून गठ्ठा करायचा. सुतळी संपली तेव्हा त्यांनी घरून जुनी लुगडी आणली आणि फाडून त्यांच्या चिंध्यांनी गठ्ठे बांधले. ढीग गोदामाच्या भिंतीपेक्षा उंच झाला. कंपनीचा माणूस आला की बाटल्यांचा ट्रक भरायचा, बायांचे फोटो काढायचा आणि झिल्लीसाठी मोठी गाडी येणार म्हणून सांगायचा.

ज्येष्ठ संपत आला तेव्हा त्याने मला एक टी-शर्ट भेट दिला. बाटल्यांच्या धाग्याचा. त्याच्या लेबलवर म्हातारीचा फोटो होता, मागे निळ्या लाटा. माझे इंग्रजी बिलापुरते आहे, तरी समुद्र हा शब्द मला वाचता आला. समुद्रातून वाचवलेल्या बाटल्या, असे लिहिले होते. म्हातारीने लेबलवर बोट ठेवले.

"ए तो मैं आँव. फेर ए पानी कहाँ के ए?"

ही तर मी, पण हे पाणी कुठले, असे ती विचारत होती. मी त्या माणसाला फोन लावला. समुद्राचे नंतर बघू, आधी झिल्ली उचला, पाऊस तोंडावर आहे, असे म्हटले.

"कागज़ देखिए, सेठजी. दरिया का प्लास्टिक लिखा है."

"तो?"

"दरिया मतलब समंदर. आपकी झिल्ली तो नाले के किनारे पड़ी है."

"और बोतल कहाँ पड़ी थी बे?"

त्याने फोन ठेवला. मी माझा भिंतीवर फेकला. बायकोने तुकडे गोळा केले आणि म्हणाली, "शाश्वत म्हंजे कधी न सरणारा, हो ना जी? मंग पाटी बरोबरच हाये. ढीग काई सरून नाई राहिला." तिच्यावर ओरडायला मला या वेळी तोंड नव्हते.

पालिकेत गेलो. तिथे म्हणाले, ढीग तुमच्या जागेत आहे. दोन ट्रॅक्टर सांगितले. माल कुठे उतरवायचा हे मला सांगता येईना, म्हणून ते परत गेले.

पूर्वी आमच्याकडे पाऊस चार महिने वाटून पडायचा. आता पंधरा दिवस ऊन आणि मग एका दुपारी सगळा. आषाढात तसाच आला. नाल्याने ढिगाचा पाया काढला आणि गठ्ठे एकामागून एक पाण्यात उतरले. अर्ध्या तासात पुलिया तुंबली. म्हातारीच्या घरात कमरेएवढे पाणी होते. तांदळाची कोठी गेली, मातीची मागची भिंत बसली. माणसे वाचली. अकरा जणींतल्या चौघी अजून कामावर येत नाहीत. सोडून दिलेली झिल्ली थोडी पुलियात अडकायची, बाकीची विखरून वाहून जायची. आम्ही ती दोन महिने दाबून, बांधून, त्यांच्याच दारावर लोटली. न उचलता सोडली असती तर बरे झाले असते, हे मला आता कळते.

पाणी ओसरल्यावर मी दुर्गला शिवनाथच्या पुलावर गेलो. खाली झुडपांत काही गठ्ठे अडकले होते. लाल आणि हिरव्या लुगड्याच्या चिंध्या वरून ओळखू येत होत्या. बाकीचे पुढे गेले होते.

म्हातारीच्या अंगणात मी गेलो, चूक माझी झाली म्हटले. तिची मागची भिंत मी बांधून देतो आहे. माझा हिशोब मी दिला. आता त्या कंपनीने द्यावा. ज्याने तो कागद टाईप केला त्याने वस्तीत यावे, अकरा जणींसमोर उभे राहावे आणि सांगावे की बाटली उचलताना जी शिवनाथ दरिया होती ती झिल्लीच्या वेळी दरिया का नव्हती. आणि झुडपांतले गठ्ठे काढायला कोण येणार, त्याचे नाव सांगावे. मला पत्र नको, माणूस हवा.