खपले भरायचं काम

माजं काम सांगायला सोपं हाय. साहेब लोकं गवतावरनं चेंडू मारतात. मारताना काठीबरोबर मातीचा तुकडा उडतो, तिथं खड्डा पडतो. तो मी वाळूनं भरते आनि पायानं दाबते. तुकड्याला नि खड्ड्याला ते डिवट बोलतात. आमी बाया खपला बोलतो. सकाळी सातला सुरू, चारला सुटी. एका हातात बादली, एका हातात डबडं, नि सुकापूरवरनं येताना रिक्षात अवघडलेले गुडघे. पनवेलच्या बाजूला डोंगराखाली हे गोल्फचं मैदान झालं तवापासून मी हाय.

त्याच्या आदी मी मिठागरात होते. खाडीचं पानी वाफ्यात घ्यायचं, उन्हात आटवायचं, मीठ धरलं की लांब दांड्याच्या लाकडी फळीनं ओढायचं. वाफ्याचा तळ आमी बाया पायानं तुडवून तुडवून घट्ट करायचो. टाचा फाटायच्या, त्यात मीठ जायचं. मीठ ओढताना एकच गोष्ट सांभाळायची, फळी तळाला लागता कामा नाय. लागली की चिखल वर येतो, मीठ काळं पडतं, नि तुडवलेलं सगळं फुकट. माजी सासू काळं मीठ दिसलं की फळीच काढून घ्यायची आनि पाठीत घालायची. मी माज्या पोरीला तसंच शिकवलं. पाठीत नाय घातली, तोंडानं घातली.

नवऱ्याची कंबर पोत्याखाली मोडली. आठ वर्षं खाटेवर होता, मंग गेला. मिठागरावर भराव पडला. आता तिथं इमारती हायत. एकदा मी जाऊन बगून आले. वॉचमननं विचारलं, कोनाकडं जायचंय? मी बोलले, कोनाकडं नाय. मंग परत आले.

पोरगी करंजाला दिली होती. तिचा नवरा बोटीवर जायचा. एका खेपेला बोट परत आली, तो नाय आला. दोन वर्षं ती सासरी ऱ्हायली. पहाटे धक्क्यावर मासळी निवडायची, दिवसभर वाळत घालायची, आनि झोपायला पडवी, ती पन जाळी ठेवून जागा उरली तर. मंग माज्याकडं आली. मुकादमाला सांगून मी तिला मैदानावर कॅडी लावली. कॅडी म्हंजे साहेबांची काठ्यांची पिशवी घेऊन चालनारी. सहा वर्षं चालली. चालता चालता खेळ बगितला, नि सोमवारी मैदान बंद असतं तवा कॅडींना मारायला देतात, तवा मारायला पन शिकली.

मंग बॅटरीच्या गाड्या आल्या. साहेब लोकं गाडीत बसायला लागले, पिशवी पन गाडीतच. पावसाळा संपला की अर्ध्या कॅडी कमी करनार असं कळलं. करंजाहून तिच्या दिराचा निरोप आलाच, घरात मानूस कमी हाय, ये. तिनं निरोप ऐकला आनि भांडी घासायला बसली. घासलेलीच भांडी परत घासली.

तेवढ्यात तिथले कोच बोलले, बायकांच्या क्लाससाठी मदतनीस पाहिजे. इमारतीतल्या बायकांना पुरुष शिकवायला नको वाटतो. माजी पोरगी चालेल, पन परीक्षा द्यायला लागेल. सात नंबरच्या लोखंडी काठीनं दहा चेंडू मारायचे, त्यातले सात तरी नीट. नीट म्हंजे कसे ते कोच बगनार. मदे तीन सोमवार होते, चौथ्या सोमवारी परीक्षा.

नीट म्हंजे काय ते मला कोनी शिकवलं नाय, पन इतकी वर्षं खपले भरले की कळतं. चांगल्या मानसाचा खपला चेंडूच्या पुढं सुरू होतो. आदी चेंडू, मंग माती. तळहाताएवढा, उथळ, सरळ. वाईट मानसाचा चेंडूच्या मागं सुरू होतो, खोल, नि वाळू दुप्पट लागते. एक म्हातारे डॉक्टर हायत, त्यांचे सगळे मागचे. एकदा मी तिथंच भरत बसले होते, तर वैतागून मलाच विचारलं.

"मावशी, तुम्हीच सांगा आता. काय चुकतंय माझं?"

"तुमी चेंडू मारता नि स्वतः मागंच ऱ्हाता."

"म्हणजे?"

"अंगाचं वजन मागच्या पायावर. मागं पाय, तर मागं खड्डा. पुढच्या पायावर या."

ते आले. एक चेंडू चांगला गेला. दुसऱ्याला परत मागं. पन त्या दिवसापासून मला नमस्कार करतात. खपले अजून मागचेच पाडतात.

पयल्या सोमवारी मी बादली घेऊन पोरीच्या बाजूला जाऊन उबी ऱ्हायले. तिनं वीसेक चेंडू मारले. मी खाली बगितलं. गवत जसं होतं तसंच. एक खपला नाय. चेंडू सगळे बुटके, सरपटल्यासारखे जात होते. काठी वरच्यावर जात होती, चेंडूच्या पोटाला चाटून.

"बाय, माती कुठंय?"

"कसली माती?"

"खपला कुठंय तुजा? सगळं वरवरचं मारतेस."

"चेंडू जातोय ना?"

"जातोय. करंजाला जातोय."

ती हसली नाय. मी पन नाय.

मंग मी बादलीतली वाळू घेतली नि गवतावर आडवी रेघ ओढली, रांगोळीची ओढतात तशी. चेंडू रेघेवर ठेवला. बोलले, काठी रेघेच्या मागं लागली नाय पाहिजे, रेघेच्या पुढची माती उडाली पाहिजे. डावा पाय घट्ट. हात काठीच्या पुढं. चेंडू उचलायला जायचं नाय, काठी खाली जाते तवाच चेंडू वर जातो. हे मी कोचचं ऐकलेलं. खड्डे भरताना कान रिकामेच असतात.

तिनं मारलं. वाळू तशीच. पाय बरोबर, वजन बरोबर, हात बरोबर, नि खाली येता येता शेवटच्या वितीला मनगट वर. परत मारलं. परत वर. दुसरी एक बाई माज्याबरोबर खपले भरते, ती लांबून ओरडली, "गवताला घाबरते काय गो ती? चावनार हाय काय?"

दुसरा सोमवार पन तसाच गेला. रेघा ओढून ओढून माजी अर्धी बादली संपली. कोच बगून गेले. ते पनवेलचेच, शाळेत शिकलेले. बोलले, "टेक्निक ठीक आहे, मावशी, पण कमिट करत नाहीये ती. जमिनीत जायचं धाडसच नाही." आनि गेले. परीक्षेला दोन आठवडे होते.

त्या रात्री नाय, दुसऱ्या दिवशी दुपारी, झाडाखाली डबा खाताना मला मीठ आठवलं. मी बोलले, "बाय, मला कळलं. तू मीठ ओढतेस."

"काय?"

"लहानपनी माज्यासंगं फळी धरायचीस. तळाला लावायची नाय, वरच्यावर ओढायचं. तेच हात हायत तुजे. इथं खाली मीठ नाय, माती हाय. ती काळी झाली तर कोन बोलनार नाय."

ती भाकरी मोडत बसली. मंग बोलली, "मीठ नाय, आये. मिठाला काय, वीस वर्षं झाली."

"मंग?"

"तू रोज घरी जाऊन गुडघ्याला तेल लावतेस. लावताना काय बोलतेस?"

मी काय बोलते? बोलते. मेल्यांनी आज सगळं रान उकरलं. मुडदे नांगर घेऊन येतात. हाताला लकवा भरो. रोजचंच हाय ते, तेल लावताना तोंड रिकामं कसं ठेवनार.

"ते मी सहा वर्षं ऐकतेय," ती बोलली. "काठी खाली जाते ना, तवा मला तुजे गुडघे दिसतात. मी नाय पाडनार. एक खपला म्हंजे तुजं एकदा वाकनं."

मी मिरची खाल्ली. मी बोलले असते की बिनधास्त पाड, पन बोलून काय होतं? सहा वर्षं बोलून काय झालं ते समोरच होतं.

म्हून तिसऱ्या सोमवारी तिनं चेंडू ठेवला तवा मी बादली खाली ठेवली नि बोलले, काठी दे.

"कशाला?"

"दे."

मी आयुष्यात काठी धरली नव्हती. लुगडं खोचलं. चेंडूकडं बगितलंच नाय, जमिनीकडं बगितलं, नि कुदळ घालतात तशी घातली. चेंडू तिथंच ऱ्हायला. माती उडाली ती तव्याएवढी, नि माज्याच तोंडावर आली. खांद्यात कळ गेली. परत घातली. परत तेवढीच. तिसऱ्यांदा घातली तवा दुसरी बाई बादली टाकून धावत आली, तिला वाटलं माज्या अंगात आलं.

"हे बग," मी पोरीला बोलले. "हे तीन माजे. हे पन मीच भरनार. तुजे काय, तळहाताएवढे. भरायला मला मजा येईल. वरवर मारतेस तवा मला काय काम? काम नसलं की मुकादम काढतो."

ती तोंडाला हात लावून बगत होती. मंग माज्या कपाळावरची माती पुसली नि हसायला लागली. इतकी हसली की खाली बसली. मंग उठली, रेघेवर चेंडू ठेवला, नि मारलं. आवाजच वेगळा आला. आदी टक्, मंग खस्. चेंडू वर गेला, लांब पडला. रेघेच्या पुढं खपला. मी जाऊन हात ठेवून बगितला. तळहाताहून जरासा मोठा. चालेल.

मी वाकले, नि तिच्या समोर भरला. मुद्दाम सावकाश. बोलले, "झालं. पुढचा."

त्या दिवशी तिनं चाळीस मारले. पंधरा-सोळा बरोबर, बाकीचे परत वरवर. पन आता वरवर गेला की ती स्वतःलाच शिवी द्यायची. माजीच शिवी.

मुकादमानं माजे तीन खड्डे बगितले होते. तो वाईट मानूस नाय, पन त्याला पन वर साहेब हाय. बोलला, "मावशी, तुमचं वय काय, करता काय? गवत बिघडवायला ठेवलंय का तुम्हाला?" आनि मला पलीकडच्या टोकाला लावलं, नाल्याजवळ. तिथनं सरावाची पट्टी दिसत नाय, मदे टेकाड हाय. एक आठवडा तिकडंच. म्हंजे परीक्षेच्या दिवशी पन तिकडंच. खड्डे माजेच होते.

परीक्षेच्या सोमवारी आमी दोगी एकाच रिक्षानं आलो. उतरताना मी बोलले, "पाड." तिनं मान हलवली.

दहाला परीक्षा होती. मी नाल्याजवळ भरत होते. वारा उलटा होता, टेकाडापलीकडचा आवाज येईना. एकदा टक् ऐकल्यासारखं वाटलं, पन तो गवत कापायच्या मशीनचा असेल. मी डबड्यानं वाळू घालत होते नि मोजत होते, एक, दोन. माजेच खपले मोजत होते. दुसरं मोजायला काय नव्हतं. जेवायच्या सुटीत ती आली नाय. दुसरी बाई बोलली, कोचनी तिला हापिसात बोलावलंय, मघापासून आतच हाय.

मुकादम जेवायला गेला होता. मी बादली उचलली नि टेकाड चढून सरावाच्या पट्टीवर गेले. गुडघे बोलत होते, मी ऐकलं नाय.

पट्टीवर कोन नव्हतं. चुन्याची रेघ होती, कोचनी ओढलेली, एकदम सरळ, आमच्यासारखी वाकडी नाय. मी खाली बसले. आठ खपले होते. चेंडू दहा, खपले आठ, म्हंजे दोन वरवर गेले. गेले ते कुठले? पयले दोन असनार. हात जुन्या सवयीनं उचलला असनार. मंग एकेका खपल्याला बोट लावत गेले. एक रेघेच्या पुढं. दुसरा पुढं. तिसरा पुढं, जरा वाकडा. चौथा, पाचवा. सहावा रेघेच्या मागं सुरू झालेला, डॉक्टरांसारखा, खोल. म्हंजे आता उरलेले दोनी बरोबर पाहिजेत. सातवा पुढं. आठवा बगायच्या आदी मी जरा थांबले. मंग बगितला. रेघेला चिकटून पुढं, उथळ, कडा सरळ, सुरीनं कापल्यासारखा. मी इतकी वर्षं भरतेय, असा महिन्यातनं एखादा येतो.

दोन वरवर, एक मागं. सात.

मागनं कोच आले. माजी पोरगी त्यांच्या मागं होती, हातात कागद. तिचे डोळे लाल होते, पन त्यावरनं काय कळत नाय, ती कांदा कापताना पन तशीच दिसते.

कोच बोलले, "मावशी, तुम्हाला एक सांगायचंय."

"सात," मी बोलले.

ते पोरीकडं बगायला लागले. "तू सांगितलंस?"

"मी आता येतेय तुमच्याबरोबर," ती बोलली.

"शेवटचा चांगला होता," मी बोलले. "सहाव्या खपल्याला वजन मागं ऱ्हायलं. क्लासमदी बायकांना सांगताना ते सांग."

ती खाली बसली, माज्या हातातलं डबडं घ्यायला लागली. मी दिलं नाय. बोलले, "तुजं काम वेगळं झालं ना आता? मंग हे माजं." ती बोलली, "दिराला काय कळवू?" मी बोलले, "सांग, मानूस इकडं पन कमी हाय."

चारला पान्याचे फवारे सुरू होतात, त्याच्या आदी सगळं भरायला लागतं. मी पयला खपला भरला, दाबला, नि दुसऱ्याकडं सरकले. पुढच्या आठवड्यापासून तिच्या क्लासला बारा बायका येनार होत्या. सगळ्या नवीन. मुकादमाला मी सांगून ठेवलं, वाळूचा अजून एक ट्रॅक्टर मागव.