एकही जवान न गमावता

आईच्या खांद्यावरच्या शालीची घडीही मोडली नव्हती. तेवढ्यात आयोजक वकिलांच्या बायकोनं हाक मारली, "सुमन, तेवढे कप विसळून टाक गं."

आई उठलीसुद्धा. बारा वर्षं त्यांच्याच घरी भांडी घासत होती. हाकेला उठायची सवय.

भिवंडीतला, धामणकर नाक्याजवळचा हॉल. दोन हजार साल उलटून दोन-तीन वर्षं झाली होती. माझा धाकटा भाऊ मिलिंद फौजेत होता. आदल्या वर्षी फौज सीमेवर नेऊन उभी केली, तेव्हा तो वाळूत सुरुंग पुरत होता. एक हातातच फुटला. युद्ध झालंच नाही. आमच्या बौद्धवाड्यात पेटी मात्र आली. उघडू नका म्हणाले.

हॉलात त्या दिवशी वादविवाद ठेवला होता. शत्रूला धाक बसवायला सैन्यबळ वाढवावं की नाही. सुरुवातीला वीरमाता म्हणून आईला शाल दिली, मग मागच्या रांगेत माझ्याशेजारी आणून बसवलं. वकीलसाहेब बोलू लागले.

"आपली ताकद बघूनच शत्रू मागं हटला. एकही गोळी न झाडता, एकही जवान न गमावता!"

टाळ्या. आईनंही वाजवल्या. मग तिचे हात थांबले.

मी उभी राहिले. यंत्रमागाच्या कारखान्यात सुताची कांडी भरणारी बाई मी, सभेत कधी तोंड उघडलं नव्हतं.

"साहेब, माझा भाऊ गेला की."

"ताई, तो अपघात होता. हा विषय अभ्यासाचा आहे. तुम्ही बसा."

मी बसले. त्याची लाज आजही वाटते.

मग चहा झाला. आणि ती हाक आली.

आईनं शाल काढून खुर्चीवर ठेवली, पदर खोचला. मी तिचं मनगट धरलं.

"न्हाय. जायचं न्हाय."

"आगं, धा-बारा कप हायेत. बाईंना काय वाटंल?"

"वाटू दे."

वकीलबाई म्हणाल्या, "एवढं काय झालं? नेहमीचंच काम आहे तिचं."

"तुमच्या घरी. इथं ती मिलिंदची आई आहे."

आम्ही निघालो. दुसऱ्या दिवसापासून आईचं काम सुटलं. पण त्या दिवशी परतताना रिक्षात ती रडली ते त्यासाठी नाही. एवढंच म्हणाली, "आपल्या पोराला त्यांनी जवानांत धरलंच न्हाय का गं?"



फौज नको, असं मी म्हणत नाही. मिलिंद हौसेनं गेला होता. पण धाक बसवतानाही माणसं मरतात. आमच्यासारख्यांची.

पुढच्या वर्षी पुन्हा बोलावणं आलं. मी कळवलं, आई सत्काराला येणार नाही. मी बोलणार, वक्त्यांत माझं नाव घाला.

नाव घातलं नाही. तरी गेले, थेट माईकपाशी जाऊन उभी राहिले आणि मिलिंदचं नाव घेतलं. हा वाद जिथं होईल तिथं जाईन. म्हणेन, युद्ध न होताच जे मेले, त्यांची नावं आधी घ्या. मग बोला.