गटफोटोच्या वेळी

आमच्या वरच्या मजल्यावरची शेजारीण मूळची घानाची. जर्मनीतल्या ब्योब्लिंगेनमध्ये ती माझ्याआधी दहा वर्षं आलेली, वृद्धाश्रमात नर्स. तिची मुलगी आणि माझी एकाच वर्गात, त्यामुळे आमचं येणंजाणं वाढलं. तिच्या चर्चने फेब्रुवारीतला एक रविवार कृष्णवर्णीयांच्या इतिहासासाठी ठेवला, तेव्हा तिने दोन्ही मुलींची नावं गाण्यात घातली आणि मला म्हणाली, "तूही ये. सगळ्यांनी एकत्र यावं म्हणूनच आहे हे."

मी बटाटेवडे करून आणायचं कबूल केलं.

बुधवारी चर्चच्या फलकावरचं पोस्टर कोणीतरी फाडलं. नवं लावलं. शुक्रवारी त्यावरचे फक्त चेहरे कापून नेलेले दिसले, ब्लेडने, अगदी कडेकडेने. रागाच्या भरात कोणी पोस्टर फाडतं, ते समजू शकते. हे कोणीतरी तिथे उभं राहून सावकाश केलं होतं.

नवरा म्हणाला, "या वेळी नका जाऊ."

"पोरीला काय सांगू?"

"कळव त्यांना, तिला ताप आलाय म्हणून."

मुलगी दारातच होती. "आबर इश हाबे काइन फीबर," ती म्हणाली. ताप नाहीये मला.

रविवारी आम्ही दोघी गेलो, नवरा घरी थांबला. भिंतीवर जुनी छायाचित्रं लावली होती, पिढ्यान्‌पिढ्या जर्मनीतच राहिलेल्या कृष्णवर्णीय कुटुंबांची. चर्चच्या पास्टर, एक वयस्क जर्मन बाई, दारात प्रत्येकाचा हात हातात घेत होत्या. पण येणाऱ्याच्या खांद्यावरून त्यांची नजर रस्त्यावर जात होती.

दुसरं गाणं सुरू असताना मी मागे वळून पाहिलं. शेवटच्या बाकावर एक माणूस कोट न काढता बसला होता. त्याच्या हातातला फोन गाणाऱ्या मुलांकडे नव्हता, बाकांवर बसलेल्या आमच्याकडे होता. एकेक रांग टिपत फोन पुढे सरकत होता. पास्टर जाऊन त्याच्याशेजारी बसल्या, हळू काहीतरी बोलल्या. तो हसून म्हणाला, "आठवण म्हणून घेतोय." फोन त्याने खाली ठेवला. गेला मात्र नाही.

शेवटी गटफोटोसाठी सगळ्यांना पुढे बोलावलं. शेजारणीने मला हाताने खूण केली. तेवढ्यात त्या माणसाने पुन्हा फोन उचलला. मी मुलीला ओढून खांबामागे नेलं.

"वारूम?" तिने विचारलं. का?

"तुझी नाडी सुटली आहे," मी म्हणाले. तिच्या बुटांना नाडीच नव्हती.

चर्च सुटल्यावर चौघी चालतच घरी आलो.

सोमवारी सकाळी इमारतीच्या दारावर बेलशेजारच्या नावाच्या सहा पाट्यांपैकी एकच जळालेली होती. लायटरने जाळली असावी. शेजारणीची. माझं नाव जसंच्या तसं होतं, आणि मला आधी हायसंच वाटलं. लगेच दुसरी गोष्ट लक्षात आली. तिचा पत्ता त्या फोनवाल्या माणसाला कोणी दिला नव्हता. तो आमच्या मागे चालत आला होता.

मी वर गेले. ती पोलिसांची वाट पाहत चहा पीत होती. मी खांबाचं सांगितलं.

"पाहिलं मी," ती म्हणाली. "बस."

पोलीस आल्यावर त्याने विचारलं, त्या माणसाचा चेहरा कोणी नीट पाहिला आहे का. तिने नाही म्हटलं; गाणी चालू असताना तिचं लक्ष मुलींकडे होतं. मी पाहिला होता. कोट, चष्मा, वय, सगळं सांगितलं. त्याने कागद पुढे केला. साक्षीदार म्हणून नाव, पत्ता, सही. मी सही केली. संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो उठला. दाराला आतून साखळी लावली.

तो माणूस अजून सापडलेला नाही. मुलींना शाळेत सोडायला आता आम्ही दोघी मिळून जातो. मागून पावलं वाजली की दोघीही थांबतो आणि जो असेल त्याला पुढे जाऊ देतो.