भाजलेला हात आणि वरण-भात

माझी शाळा चौथीत सुटली, पण चहाचं पातेलं मी जन्मभर सांडशीशिवाय उतरवलं. सरकारी ऑफिसात शिपाई होतो तेव्हा साहेब लोक बघत राहायचे. रिटायर होऊन गाझियाबादला मुलाकडे आलो, तिथंही तेच. गेल्या होळीला मात्र पातेलं निसटलं आणि उकळता चहा उजव्या हातावर आला.

बायको ओरडली, "नळाखाली धरा!" मी कशाला ऐकतोय? टूथपेस्ट घेतली आणि हातभर फासली. गार वाटतं, खोटं नाही सांगत.

दवाखान्यात डॉक्टरीण नातीच्या वयाची. हात बघून म्हणाली, "बाबूजी, हाथ जला है या दाँत?" बायको भिंतीला टेकून हसली. मग पोरीनं पेस्ट धुवायला घेतली, तेव्हा मला आई आठवली. फोड तिनं फोडले नाहीत. मलम लावलं, एकेक बोट सुटं गुंडाळलं. हात छातीच्या वर धरायचा आणि बोटं हलवत राहायची, नाहीतर आखडतील, म्हणाली.

त्या 'आखडतील'नं माझी झोप उडवली. वरण-भात चमच्यानं खाणारा माणूस मी नव्हे. डाव्या हातानं तर नाहीच. मग बायको माझ्यापुरतं वेगळं वरण करून भरवायची. "आ करा, राजे!" सून फ्रिज उघडून त्यात तोंड घालून हसायची.

बाहेर निघालो की आणखी मजा. वर धरलेला हात बघून प्रत्येक ऑटो थांबायचा.

"कहाँ जाना है, ताऊ?"

"कहीं नहीं."

"तो हाथ क्यों दिया?"

एकाला फारच वाईट वाटलं, म्हणून बसलो आणि मेट्रोपर्यंत जाऊन आलो.

फोड सुकले, गुलाबी कातडी आली, पण मूठ वळेना. डॉक्टरीण म्हणाली, मऊ काहीतरी दाबत जा. बायकोनं कणकेचा गोळा पुढ्यात ठेवला. "नीट मळा. पोळ्या त्याच्याच व्हायच्यात." जन्मात कणकेला हात लावला नव्हता. दार लावून मळली. रोज.

एके दुपारी पानावर बसलो आणि म्हटलं, आज मी. भात कालवला. पहिला घास शर्टावर गेला. दुसरा तोंडात. भरवायला धरलेला घास बायकोच्या हातातच राहिला, तो तिनं स्वतः खाल्ला.

"अगंबाई, मीठ कमी आहे की!"

"इतके दिवस तेच सांगत होतो," मी म्हटलं, "पण तू बोलू देशील तर ना!"