चौकशी चालू आहे

बापूसाहेब परराष्ट्र खात्यातून निवृत्त होऊन शिरूरला आले, तेव्हा गावानं एक दिवस हार घातले आणि दुसऱ्या दिवसापासून प्रश्न विचारायला सुरुवात केली. मी शेजारी, त्यामुळं त्यांच्या ओसरीवर बसून सगळं फुकटात ऐकायला मिळायचं. देशाचं धोरण ठरतं तरी कसं, असं हायस्कूलच्या मास्तरांनी विचारलं. बापूसाहेब म्हणाले, कुणाला धड 'हो' म्हणायचं नाही आणि 'नाही'ही म्हणायचं नाही. त्यानं भांडणं टळतात, निदान लांबतात. मास्तर खूश झाले. मला मात्र हा माणूस शिळ्या भाकरीसारखा गार वाटायचा.

त्यांच्या घरात पुतण्याची बायको रंभा राबायची. पुतण्या संपत एकाहत्तरच्या लढाईवर गेला तो परतला नाही, पण देह सापडला नाही म्हणून कागदोपत्री बेपत्ता. बापूसाहेब तेव्हा दिल्लीत, त्यामुळं घरच्यांची सगळी भिस्त त्यांच्यावर. ते दर वेळी सांगायचे, चौकशी चालू आहे. तेवढ्यावर रंभा चार वर्षं कुंकू लावत राहिली.

मग दौंडहून तिचा भाऊ कोंडिबा आला. तो रेल्वेत पॉइंट्समन. त्याच्या कॉलनीतला एक बिजवर रंभेशी पाट लावायला तयार होता. आमच्यात विधवेचा पाट चालतो, पण नवरा गेला असं घरच्या वडीलधाऱ्यानं तोंडानं सांगितल्याशिवाय कोण पुढं होणार? कोंडिबानं विचारलं. बापूसाहेब चष्मा पुसत म्हणाले, निश्चित असं काही सांगता येणार नाही.

बिजवरानं थोड्याच दिवसांत दुसरीकडं पाट लावला. ते कळलं त्या दिवशी रंभा चहा घेऊन आली आणि उभीच राहिली.

"आबा, तुमाला खरंच कायबी ठावं न्हाई?"

बापूसाहेबांनी चहा पिता पिता शांतपणे सांगितलं. संपतला मरताना बघितलेला शिपाई लढाई संपल्यावर लगेच त्यांना दिल्लीत भेटला होता. मग बोलला का नाहीत, असं मी विचारलं, तर म्हणे सवय. त्यांचा आवाजही हलला नाही. माझं डोकं फिरलं. रंभा रडली नाही. तिचं रडू कधीच आटलं होतं.

एरवी ती नवऱ्याचं नाव घेत नसे. त्या दिवशी घेतलं.

"मंग येकदा सरळ म्हना, संपत मेला."

बापूसाहेबांनी तोंड उघडलं. मग चष्मा काढून पुसला.

"तसं मानायला हरकत नाही," ते म्हणाले.

रंभेनं पदरानं कपाळ पुसलं आणि रिकामा कप उचलून आत नेला.