ज्या घरात कौतुक करत नसत

आमच्या सरांना एक गोष्ट शोधायची होती. जी तरुण पोरंपोरी गावात सभा घेतात, दारूच्या गुत्त्यापुढे जाऊन बसतात, म्हाताऱ्यांना अक्षरं शिकवतात, त्यांच्या पाठीशी घरचे उभे असतात की नसतात? मी तेव्हा नागपूरला एम. ए. करत होते. गडचिरोली जिल्हा चंद्रपुरातून नुकताच वेगळा झाला होता. दोन्ही जिल्हे माझ्या पायाखालचे, म्हणून सरांनी तिकडची गावं माझ्या गळ्यात घातली.

सरांनी बजावलं होतं, प्रश्न आधी आपापल्या घरी विचारून पाहा, म्हणजे जीभ वळते. मी ऊर्जानगरच्या आमच्या क्वार्टरमध्ये बाबांसमोर बसले. बाबा वीजकेंद्रात साहेब होते. विचारलं, "मुलीच्या सार्वजनिक कामाला घरच्यांचा पाठिंबा आहे का?"

"पूर्ण पाठिंबा. लिही," बाबा म्हणाले. मग तरुण पिढी, समाजाचं ऋण, मुलगा-मुलगी समान, असं बरंच काही बोलले. इतकं सुरेख बोलले की क्षणभर मलाही खरं वाटलं. वर्षभरापूर्वी कॉलनीच्या मैदानावर आम्ही हुंड्यावर पथनाट्य केलं होतं. मैदान आमच्या गॅलरीतून दिसायचं. त्या संध्याकाळी गॅलरीचं दार बंद होतं. डास येतात, असं बाबांनी नंतर सांगितलं.

प्रश्नावलीत 'पाठिंबा' या शब्दापुढे मी खूण केली आणि गावाला निघाले.

ते गाव मूलच्या पुढे, जंगलाला लागून. मी जिच्याकडे उतरले ती माझ्याच वयाची, बौद्ध शेतकऱ्याची मुलगी. संध्याकाळी विहारात प्रौढांचा वर्ग घ्यायची आणि आजूबाजूच्या गावांत बायकांना जमवून गुत्ते बंद करायला लावायची. सभेत ती उभी राहिली की बापये विड्या विझवायचे. माझ्या सभांमध्ये लोक घड्याळ बघायचे. म्हणजे मत्सराला सुरुवात तिथूनच झाली, खोटं कशाला बोलू?

तिचे वडील ओसरीवर दोर वळत होते. मी तोच प्रश्न विचारला.

"काहाचा पाठिंबा, बाई!" ते म्हणाले. "अजिबात आयकत नाई. घरचं काम पडलं राह्यते अन् हे गावभर फिरून राह्यली. बोलता तरी येते का धड? तुमी पाहा, कशा शिकल्या, किती छान विचारता."

मुलगी आतून हसली. मला वाईट वाटलं, आणि थोडं बरंही वाटलं. एवढी धीट पोरगी, पण घरात तिचंही काही चालत नाही तर! मी 'विरोध' या शब्दापुढे खूण केली आणि त्या रात्री लाखोळीचं वरण आणि भात दोनदा मागून घेतला.

दुसऱ्या दिवशी माझं ते सुख संपलं.

रोवणीचे दिवस होते. बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, चिखल, हाताला उसंत नाही. दुपारी शेजारच्या गावात तिची सभा होती. वेळ झाली तशी तिच्या आईनं तिच्या हातातली धानाची पेंढी काढून घेतली आणि तिच्या ओळीत स्वतः वाकली. वडील बांधीतून बाहेर आले, पाय धुतले, सायकलची हवा बोटानं दाबून पाहिली आणि म्हणाले, "चाल लवकर. नाई तं तिथी जाऊन तोंड वाजवाले उशीर होईन तुले."

मी मागून चालत गेले. सभेत तिचे वडील सगळ्यात मागे, चिंचेच्या बुंध्याला टेकून उभे होते. एका दारुड्यानं आरडाओरडा सुरू केला तसे ते शांतपणे त्याच्या शेजारी जाऊन उभे राहिले. दारुडा गप्प झाला. परत येताना माझ्यासाठी वडिलांनी सायकल हातात धरली, तिघंही पायी निघालो आणि वडील पूर्ण रस्ताभर तिला ओरडत होते. अमुक विसरली, तमुक घाईत सांगितलं, फलाणीला बोलूच दिलं नाही. एकेक शब्द त्यांनी ऐकला होता.

मला त्या मुलीचा असा राग आला की सांगता सोय नाही. तिची बुद्धी, तिचा आवाज, यांचा हेवा मी एकवेळ गिळला असता. पण त्या शिव्या! त्या मला हव्या होत्या. माझ्या बोलण्यात काय चुकलं हे सांगण्याइतकं घरात कुणी कधी ऐकलंच नव्हतं.

"तुझे वडील तुला कधीच चांगलं का म्हणत नाहीत?" मी तिला फटकन विचारलं.

"आपल्या माणसाले कोन चांगलं म्हणते?" ती म्हणाली. "नजर लागते. चांगलं परक्याले म्हणाचं. घरच्याले बोलाचं."

म्हणजे आदल्या दिवशी मला मिळालेलं 'किती छान' काय किमतीचं होतं, तेही कळलं.

मी सरांना सगळं सांगितलं. या भागातल्या घरांना पाठिंबा आहे का असं विचारलं तर ती नाहीच म्हणणार आणि आपण सगळीकडे विरोध लिहून मोकळे होणार. विचारायचंच तर विचारा, काल ती सभेला गेली तेव्हा तिच्या वाटचं काम कुणी केलं? सरांनी थोडी कुरकुर केली, पण प्रश्न बदलला. पुन्हा त्याच घरांत गेलो, आणि उत्तरं उलटली.

काम संपल्यावर सरांनी चंद्रपुरात एका सभागृहात कार्यक्रम ठेवला. माहिती देणारी पोरंपोरी आणि त्यांचे पालक, सगळ्यांना बोलावलं. प्रश्न कसा बदलला, त्यातून काय निघालं, हे मी मांडायचं होतं. आणि पाहुणे म्हणून बाबांना बोलावलं होतं. सरांना वाटलं, मला आनंद होईल. झालाही. बाबांना खुर्चीवरून उठून जाता येणार नव्हतं. एकदा, फक्त एकदा, त्यांनी मला शेवटपर्यंत ऐकावं, एवढंच मला हवं होतं. आठवडाभर मी आरशासमोर बोलत होते.

बाबा पहिले बोलले. 'कुटुंबाचा पाठिंबा' यावर. टाळ्या पडल्या. मग त्यांनी घड्याळ पाहिलं, सरांच्या कानात काही सांगितलं, नमस्कार केला आणि निघाले. वीजकेंद्राची जीप दाराशी चालूच होती. तिचा आवाज लांब जाईपर्यंत मी माइकसमोर उभी होते.

मग बोलले. काय बोलले, आठवत नाही.

मागच्या रांगेत ती मुलगी बसली होती. शेजारी तिचे आईवडील, पहाटेची एस. टी. पकडून आलेले, धुतलेल्या कपड्यांत. तिच्या दोन्ही बाजू भरलेल्या होत्या. मी त्यांच्याकडे बघायचं टाळत होते.

कार्यक्रम संपल्यावर तिचे वडील माझ्याकडे आले. मी हात जोडले. 'बाई, किती छान बोलल्या' हे ऐकायची तयारी ठेवली.

"काऊन वं," ते म्हणाले, "एवढी शिकली अन् एवढ्या हळू बोलते? मागं काईच आयकू येत नव्हतं. अन् खाली मान घालून काऊन वाचत होती? समोर माणसं बसली होती का भुतं? आमच्या घरची गोष्ट सांगतली, ते बी अर्धीच. दारुड्याचं राह्यलंच."

माझे डोळे भरून आले. त्यांना वाटलं, जास्तच लागलं. ते गडबडले, पण बोलायचे थांबले नाहीत. ती मुलगी शेजारी उभी राहून ऐकत होती आणि तिचा चेहरा हळूहळू उतरत गेला.

"एवढं तं बाबा मलेबी नाई बोलत," ती तुटकपणे म्हणाली आणि आईच्या पलीकडे जाऊन उभी राहिली.

ऊर्जानगरच्या बसमध्ये मी खिडकीशी बसले आणि तिचा तो उतरलेला चेहरा पुन्हा पुन्हा आठवत राहिले. मला फार बरं वाटत होतं.

घरी बाबा हॉलमध्ये बसले होते. गॅलरीचं दार बंद होतं.

"आलीस? माझं भाषण कसं झालं?"

"छान झालं बाबा," मी म्हणाले. "फार छान बोललात तुम्ही."